माळावरच्या बंगल्याचा नळजोड

हिवरदऱ्यात म्हाळूइतका हाताचा साफ प्लंबर दुसरा नव्हता. खरं म्हणजे दुसरा नव्हताच. बाप सटवा मेंढरं राखायचा. बाप गेला, पाठोपाठ मेंढरं गेली आणि म्हाळू जवळच्या युसूफ वडगाव ह्या बाजारगावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात माल उचलायला लागला. तिथं येणाऱ्या मिस्त्र्यांच्या मागं फिरून पाईप कापायला, सोल्युशन लावायला, गळका जोड नुसत्या बोटानं ओळखायला शिकला. म्हाळूनं जोडलेलं गळत नाही असं पाच गावांत लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की म्हाळूची मान जरा ताठ व्हायची.

पण नळालाच पाणी नाही तिथं प्लंबरला कोण विचारतो? सलग तिसरं साल कोरडं गेलं होतं. मांजरा धरणात चिखलाच्या भेगा पडल्या होत्या, लातूरला रेल्वेनं पाणी येतंय अशा बातम्या होत्या. हिवरदऱ्याच्या नळाला नवव्या दिवशी पाणी सुटायचं, तेही तासभर. दाब नाही म्हणून खालच्या आळीतल्या लोकांनी दारापुढं कमरेएवढे खड्डे खणून नळ त्यात उतरवले होते. पाईपात राहिलेलं पाणी उताराला त्या खड्ड्यात यायचं, आणि बाया तिथं उकिडव्या बसून ते तांब्या-तांब्यानं धरायच्या. ते नळ म्हाळूनंच उतरवून दिले होते. त्याची बायको पोरांना घेऊन गेवराईकडं माहेरी गेली होती. तिकडं गोदावरीच्या वाळूत झिरा उकरला तर हंडाभर पाणी तरी लागायचं. घरात म्हाळू आणि त्याची आई साखराबाई, दोघंच.

अशात एका मंगळवारी विठ्ठलरावांचा निरोप आला.

विठ्ठलराव सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, त्यांचा नवा बंगला झाला होता. ऊसच नसल्यानं कारखाना त्या साली पेटला नव्हता, पण संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती आणि बंगल्यावर गाड्यांची रांग लागत होती. वरच्या मजल्यावर एका मोठ्या खोलीत त्यांनी बार केला होता. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, मागं काचेची कपाटं, आणि ओट्याच्या टोकाला लहानसं गोल स्टीलचं सिंक. त्याचा नळ हंसाच्या मानेसारखा वाकडा. म्हाळूनं तसला नळ चित्रातच पाहिला होता. त्यानं नकळत त्याच्यावरनं हात फिरवला.

"सिंक पुण्याच्या माणसानं बसवलंय," विठ्ठलराव म्हणाले. "वरच्या टाकीची लाईन बी जोडून गेला. पण पाणी घाण मारतंय. पाहुण्यांच्या गिलासात ते घालू का मी?"

टाकीत पाणी टँकरचं. कारखान्याच्या कॉलनीमागं एक जुनी विहीर होती, तिथं तो भरायचा; तिच्यात कॉलनीचं गटार पाझरायचं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बांधकामाला, झाडांना, संडासाला तिचं पाणी चालायचं. बंगल्यात प्यायला जार यायचे.

"जारचं पाणी ठिवा की आबा वट्यावर," म्हाळू म्हणाला.

"जार ठिवायला ही काय पानटपरी हाय का? नळ फिरवला की गोड पाणी आलं पायजे. गावची लाईन आपल्या फाटकापुढूनच गेलीय. तिच्यातून एक फाटा घे आन् हितं आणून जोड. परवा गुरुवारी पाहुणे हायेत. त्याच दिवशी गावाला पाणी सोड म्हणून बद्रीनाथला सांगून ठिवलंय."

बद्रीनाथ हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडं.

म्हाळू ओट्याखाली वाकला, टाकीची लाईन बघून बाहेर आला. "मंग टाकीची लाईन हितून काढून टाकतो. एका सिंकाला दोन पाणी नगं."

"काढतो कावून? गावचं पाणी येणार तासभर. बाकीच्या दिवशी गिलास कशानं विसळायचे? दोन्ही असू दे."

"मंग मधी एनआरव्ही बसवावा लागंल, आबा."

"ते काय असतंय?"

"पाण्याला यायला वाट देतंय, माघारी जायला देत न्हाई. तुमची टाकी उंचावर. गावची लाईन कोरडी पडली आन् दोन्ही कॉक उघडे राह्यले, तर टाकीचं पाणी उताराला गावात जाईल."

"मिळतंय कुठं?"

"वडगावला न्हाई. केजला बघावं लागंल, न्हाईतर अंबाजोगाईला."

विठ्ठलराव हसले. वाईट माणसाचं हसणं नव्हतं ते, घाईतल्या माणसाचं होतं. "परवा पाहुणे हायेत बे, म्हाळबा. दोन कॉक बसव. एक उघडला की दुसरा बंद करायचा. माझी माणसं काय येडी हायेत?"

इथं म्हाळूनं हत्यारं पिशवीत घालून उठायला पाहिजे होतं. पुढं कितीदा तरी त्याला ती खोली, तो काळा ओटा आठवला आणि आपण उठलो असतो तर काय झालं असतं ते तो मनात रचत राहिला. तेव्हा मात्र एवढंच वाटलं की चेअरमननं आपल्याला बोलावलं, पुण्याच्या माणसाचं काम आपण पुरं करतोय. माघारी फिरायचं तोंड त्याच्याकडं नव्हतं.

दोन दिवस तो राबला. फाटकापुढं रस्ता उकरून गावच्या लाईनीला भोक पाडून त्यावर सॅडलचा पट्टा आवळला, अर्ध्या इंचाचा पाईप भिंतीच्या कडेनं वर नेला, वरच्या खोलीत ग्राइंडरनं भिंतीत झिरी मारून आत घेतला. ओट्याखाली तीन तोंडांचा टी बसवला. डावीकडून टाकीची लाईन, उजवीकडून गावची, दोन्हीला लाल मुठीचे कॉक, आणि वर नळाचा कनेक्शन पाईप. बंगल्यातल्या आचाऱ्याला त्यानं तीनदा समजावलं, "गावचं उघडायचं तर आधी टाकीचं बंद. टाकीचं उघडायचं तर आधी गावचं बंद. इसरायचं न्हाई." आचारी मान हलवत होता, हातानं मटण धूत होता.

सोमवारी केजला जाऊन एनआरव्ही आणायचा आणि बसवून टाकायचा, असं म्हाळूनं स्वतःशी ठरवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी पाणी सुटलं. वरच्या आळीला मिळालं. खालच्या आळीत, म्हाळूच्या घराकडं, जेमतेम एक-एक घागर भरली आणि नळ फुसफुसून थांबले. बायांनी बद्रीनाथचा उद्धार केला आणि रिकामे हंडे उचलून आत नेले.

शुक्रवारी सकाळी मात्र आळीत गलका उठला. खड्ड्यातल्या नळांना पाणी आलं होतं! धार बारीक होती, पण थांबत नव्हती. म्हाळूच्या आणि शेजारच्या तुळजाबाईच्या घराचा नळ एकाच खड्ड्यात होता. तुळजाबाई साठीची विधवा. मुलगा सुग्रीव कोयता घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला, नुकताच माघारी आलेला. म्हाळूची पहिली दाढ दुखली तेव्हा लवंग दाबून धरणारी हीच. ती खड्ड्यात उतरून पाणी भरत होती आणि आळीला हाका मारत होती.

"साखरे, उठ गं! हंडा आण! बद्रीनाथाला दया आली बघ, कालचं आज सोडलंय!"

सगळ्यांनी तेच धरलं. काल कमी पडलं म्हणून बद्रीनाथनं गुपचूप पुन्हा सोडलं असणार. टोपल्यासुद्धा भरता आल्या असत्या तर बायांनी भरल्या असत्या. हंडे, कळशा, पिठाचे डबे रिकामे करून त्यात पाणी साठवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोरांना डोक्यावरनं अंघोळ मिळाली.

म्हाळू चूळ भरत दारात उभा होता. तुळजाबाईनं तांब्या उजेडाला धरला. "म्हाळू, हिकडं ये रं लेकरा. पाणी जरा पिवळट कावून दिसतंय? वास बी येगळाच हाय."

म्हाळूनं तांब्या हातात घेतला, वरवर बघितलं. "लोखंडी लाईन हाय मावशे. नऊ-नऊ दिवस कोरडी पडती, मंग गंज सुटतो. तुरटी फिरव, खाली बसंल."

"पेऊ म्हणतूस?"

"पी की. काय होतंय?"

"तू म्हणतूस म्हंजे झालं," तुळजाबाई म्हणाली आणि तांब्या तोंडाला लावला.

शनिवारी दुपारपासून आळीत उलट्या सुरू झाल्या. आधी दोन पोरं, मग घराघरातून एकेक. रविवारी सकाळपर्यंत सदतीस माणसं आडवी झाली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून सलाईन लावल्या, बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या. साखराबाई चार तासांत ओळखू येईना अशी झाली, डोळे खोल, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच राहायची. म्हाळूचं पोट लोखंडाचं म्हणा किंवा तो पाणी कमी प्याला म्हणा, त्याला काही झालं नाही. तो आईला धरून बसला. पलीकडच्या सतरंजीवर तुळजाबाई होती. सुग्रीव तिच्या पायांचे गोळे चोळत होता.

"पाय वढतेत रं," ती एकदा म्हणाली. नंतर बोललीच नाही.

सोमवारी सकाळी तिला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायला निघाले. केजकडचा फाटा यायच्या आतच जीप माघारी वळली.

त्याच दुपारी आरोग्य खात्याची माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. सरपंचानं बद्रीनाथला उभं केलं. ब्लिचिंग पावडर टाकली होती का, किती टाकली, वहीत का लिहिलं नाही. बद्रीनाथला नीट उत्तर देता येईना. त्याला कामावरून काढलं, आणि शाळेच्या फाटकात दोन जणांनी धरून चांगला हाणला. म्हाळूनं त्याला सोडवून ओट्यावर बसवलं. ओठ फुटला होता.

"शुक्रवारी जास्तीचं पाणी सोडायचं काय नडलं व्हतं रे तुला?" म्हाळू म्हणाला.

"कोण सोडलं?" बद्रीनाथनं रक्त थुंकलं. "तुळजाभवानीची आन. गुरुवारी चेअरमनच्या सांगण्यावरनं सोडलं, तासाभरानं बंद केलं. शुक्रवारी मी बहिणीकडं गेलतो. चावी पंचायतीत खुंटीला व्हती, इचार कुणालाबी. मी सोडलंच न्हाई बे."

बद्रीनाथ आणखी काही बोलत होता, ते त्याला ऐकू आलं नाही. तो उठला आणि माळाच्या वाटेला लागला. ऊन मी म्हणत होतं. चढ चढताना एकदाही थांबला नाही.

बंगल्यात आचारी होता. म्हाळूनं त्याला काही विचारलं नाही, सरळ वर गेला आणि ओट्याखाली वाकला. दोन्ही लाल मुठी पाईपाच्या ओळीत सरळ. दोन्ही कॉक उघडे.

"गुरुवारी गावचं पाणी मधीच बंद झालं," मागून आचारी म्हणाला. "गिलास तसेच पडले व्हते, म्हून टाकीचं उघडलं. काय झालं? टाकी बी लई लवकर रिकामी व्हायलीय चार दिसापासून. दोन टँकर जास्तीचे आणले. कुठं गळतंय का बघ बरं."

म्हाळूनं टाकीचा कॉक बंद केला. नंतर नुसत्या कॉकवर त्याचा भरवसा राहिला नाही. ओट्याखाली राहिलेल्या आपल्या सामानातून करवत काढून त्यानं टीच्या दोन्ही बाजूंनी पाईप कापला आणि तोंडं टोपणं लावून बंद केली.

विठ्ठलराव खाली व्हरांड्यात बसले होते. म्हाळू त्यांच्यापुढं उभा राहिला आणि सगळं सांगितलं.

"कोण गेलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुळजाबाई. सुग्रीवची आई."

"अरारा." ते खरंच खाली बघत बसले. "माझ्या आईबरोबर खुरपायला यायची ती." मग त्यांनी मान वर केली तेव्हा ते पुन्हा चेअरमन झाले होते. "जोड काढलास?"

"वरचा काढला."

"रस्त्यातला बी काढून टाक. वर माती वढ. बद्रीनाथला मी कारखान्यावर लावून घेतो, त्याचं नुकसान व्हणार न्हाई. झालं ते झालं."

"आबा, मी म्हणलं व्हतं तुमाला. एनआरव्ही लागंल म्हून."

"म्हणलं व्हतंस." विठ्ठलरावांचा आवाज चढला नाही. "मला काय कळतंय त्यातलं? मी प्लंबर हाय का? तुला कळत व्हतं. मंग जोडलंस कावून?"

म्हाळू तसाच माळ उतरून आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला घरी आणलं, पेज पाजली. साखराबाईच्या जिवात जीव आला होता. तिनंच विचारलं, "काय झालंय रं तुला? तुळजाचं मनाला लावून घेतलंस का?" तेव्हा म्हाळूनं तिच्या पायाशी बसून सांगितलं. साखराबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "मला सांगून काय व्हणार? ज्याची आई गेली त्याला सांग."

सुग्रीव दारात बसला होता, डोकं भादरलेलं, पुढं चार माणसं. म्हाळू उभ्यानंच बोलला. जोड कसा दिला, कॉक कसे उघडे राहिले, पाणी कुठून आलं. माणसं चुळबुळली, एकजण शिवी घालत उठला. सुग्रीवनं त्याला हातानं खाली बसवलं.

"आई म्हणत व्हती," सुग्रीव म्हणाला, "पाणी पिवळं हाय, पण म्हाळूनं बघितलंय. तुला दाखवलं व्हतं तिनं?"

"दाखवलं व्हतं."

"आन् तू पी म्हणलास."

"व्हय."

सुग्रीव उठून उभा राहिला. म्हाळूला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण सुग्रीव म्हणाला, "हे तू सगळ्या गावापुढं बोल. साहेबांपुढं बोल. तवर माझ्या दारात येऊ नगं."

म्हाळू बोलला. देवळापुढं गावाला सांगितलं, ठाण्यात जाऊन जबाब दिला. दोन दिवसांनी साहेब लोक पंचनाम्याला आले तेव्हा बंगल्याच्या फाटकापुढं जेसीबीनं रस्ता सपाट केला होता आणि वर रोलर फिरवला होता. वरच्या खोलीत झिरीच्या जागी नवी फरशी चिकटवलेली. सिंकाखाली जार ठेवला होता आणि त्याला लहान मोटर. अनधिकृत जोड आढळून आला नाही, असं कागदावर आलं. आचारी त्याच्या गावाला गेला होता.

"तुझ्या बोलण्यावर काय उभं राहतंय बघ," ठाण्यातला हवालदार म्हाळूला समजुतीनं म्हणाला. "चेअरमनचं नाव घ्यायला पुरावा नाही. तू केलंस म्हणून तू स्वतः सांगतोयस, तेवढंच राहतं. अजून विचार कर. फाडून टाकतो हवं तर."

"बद्रीनाथचं काय व्हईल मंग?"

"त्याच्यावरच राहील."

"फाडू नगा," म्हाळू म्हणाला आणि अंगठा नव्हे, सही केली. सही करायला तो दुकानात शिकला होता.

निष्काळजीपणाचा गुन्हा म्हाळूवर दाखल झाला. आठ दिवस आत राहून तो जामिनावर सुटला. त्याच्या जबाबामुळं बद्रीनाथला पंचायतीनं परत घेतलं. एवढी एकच गोष्ट त्यातून सरळ झाली. विठ्ठलरावांचं पॅनल बिनविरोध निवडून आलं, गुलाल गावापर्यंत उडाला. निवडून आल्यावर त्यांनी खालच्या आळीला स्वतःच्या खर्चानं रोज एक टँकर सुरू केला, आणि आळीनं तो घेतला. न घेतला तर पाणी मागणार कुणाकडं?

म्हाळूला त्या पंचक्रोशीत पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. वडगावच्या दुकानदारानंही हात जोडले. तो दगड फोडायला जाऊ लागला आणि महिन्यातून एकदा कोर्टाच्या तारखेला केजला. बायको पोरांना घेऊन माघारी आली, तिला कुणी काही बोललं नाही, पण पाण्याच्या रांगेत तिच्या मागंपुढं जागा मोकळी राहायची.

सुग्रीव त्याच्याशी कधीच बोलला नाही. खड्डा मात्र दोन्ही घरांचा एकच होता. नवव्या दिवशी पाणी सुटलं की सुग्रीव खाली उतरायचा, पहिली बादली भरून उकळायला चुलीवर पाठवायचा, मग आपले हंडे भरायचा. भरून झालं की नळ बंद करायचा नाही. कठड्यावर साखराबाई घागर घेऊन बसलेली असायची. तिचे गुडघे आता वाकत नव्हते. सुग्रीव तिच्या हातातली घागर घ्यायचा, धारेखाली लावायचा, भरली की वर काढून तिच्यापुढं ठेवायचा आणि म्हाळूच्या दाराकडं न बघता आपल्या घरात जायचा.

म्हाळू आत अंधारात बसून ते बघायचा. आईची घागर उचलायला बाहेर यावं असं त्याला दर वेळी वाटायचं. सुग्रीवचं दार लागेपर्यंत तो उठत नसे.